सासऱ्यांचं इंजिन

ब्रशी फोर्क गावात लाइल स्टेमी हा हरण्याच्या बाबतीत अत्यंत नियमित माणूस म्हणून ओळखला जाई. दर शनिवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत आणि दर शनिवारी लाइलची गाडी शेवटून पहिली, फार तर दुसरी येई. एखाद्या शनिवारी ती चुकून मध्येच कुठेतरी आली, तर लोक काळजीने विचारत, "घरी सगळं ठीक आहे ना?"

एरवी माणूस सर्वार्थाने सभ्य. पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या बिलांतल्या चुका दुरुस्त करायचा, रविवारी बॅप्टिस्ट चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा, हिरवळ वेळच्या वेळी कापायचा. फक्त त्याच्या घरासमोर एक गाडी उभी असे. तिला दिवे नव्हते, काचा नव्हत्या, दारं वेल्डिंग करून कायमची बंद केलेली होती आणि बॉनेटवर गावातल्या लिंगरफेल्ट अंत्यविधी गृहाची जाहिरात रंगवलेली होती. नावाखाली त्यांचं ब्रीदवाक्य होतं, 'आम्ही कधीच घाई करत नाही.' शर्यतीच्या गाडीवर हे वाक्य बरं दिसत नाही असं लाइलने एकदा सुचवून पाहिलं होतं. पण टायर लिंगरफेल्टसाहेबांच्या कृपेने येत होते आणि टायर घेऊन वाक्य नाकारणं त्याच्या सभ्यतेत बसेना.

संघ तीन माणसांचा. मालक, मुख्य मेकॅनिक आणि टायर धुणारा हे तिन्ही लाइल. ड्रायव्हर त्याचा मेहुणा कॉय कीनर, जो आठवडाभर गाद्या विकायचा आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांची चाचणीही घ्यायचा. तिसरा शेजारचा ओडेल गँट. हा काहीच करत नसे, पण संघ म्हटला की सल्लागार लागतोच, आणि ओडेलला तर सल्ल्यासाठी कुणी संघ काढायचीही गरज नव्हती. लाइलची बायको नडीन संघात नव्हती. ती म्हणायची, "घरात कुणीतरी शुद्धीवर असावं लागतं."

तर अशा या संघाच्या इंजिनाने त्या आठवड्यात मान टाकली. आधी खोकलं, मग तेल ओकलं, आणि शेवटी आतून असा आवाज आला की जणू कुणी चमच्यांचा डबा जिन्यावरून सोडला. लाइलने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. डॉक्टर जसा बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतो तसं त्याने कॉयकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी लिंगरफेल्टसाहेबांचा फोन आला. साहेब फार हळू बोलत. धंद्याची सवय.

"लाइल, या शनिवारी आम्ही सगळे येतोय. रॅली शहराहून माझी मावशीही आली आहे. तिला बघायचंय की आमचं नाव कुठे फिरतं."

"या की, साहेब," लाइल म्हणाला.

"नाव फिरलं पाहिजे, लाइल. उभं राहून चालणार नाही. मावशीचं म्हणणं, हा खर्च आपण पूर्वीसारखा चर्चमध्ये वाटायच्या, नाव छापलेल्या हातपंख्यांवर करावा. पंखे फिरतात तरी."

फोन ठेवून लाइल अंगणात कॉयजवळ आला. एखाद्या माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी होऊन तो कमी ठरला तर ते सोसवतं. पण पुठ्ठ्याच्या पंख्याशी होऊन कमी ठरायचं म्हणजे मनाला फार लागतं. गाडी पट्टीवर उतरली नाही तर टायर बंद, टायर बंद तर संघ बंद, आणि संघ बंद झाला की उरतं ते पाणीपुरवठा खातं.

"इंजिन हवंय ना?" कुंपणापलीकडून ओडेल म्हणाला. तो तिथे कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. "तुझ्या सासऱ्याच्या पिकअपमध्ये आहे की एक."

कॉयने डोक्यावरची टोपी काढून परत घातली. लाइलने इकडेतिकडे पाहिलं.

लाइलचे सासरे म्हणजे मिस्टर हॉइट कीनर. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी लाइल त्यांना मिस्टर हॉइटच म्हणायचा, कारण त्याहून जवळचं काही म्हणायची परवानगी त्यांनी दिलेली नव्हती. चर्चच्या पंचांत त्यांचा मान पहिला. सूतगिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते एका हिरव्या पिकअपमधून हिंडत, ताशी तीस मैलांच्या वर कधीच जात नसत, आणि त्यामुळे प्रत्येक रविवारी पहिलं भजन संपल्यावरच चर्चमध्ये शिरत. मागे लागलेल्या मोटारींची रांग त्यांच्याबरोबरच येई. पाद्रीबुवांनी भजनाची वेळ पुढे ढकलून पाहिली, पण हॉइट तितकेच उशिरा निघू लागले. आयुष्यात दोनदा त्यांनी पिकअप बदलली, पण इंजिन मात्र जुन्यातून काढून नव्यात स्वतःच्या हातांनी बसवलं. का, तर म्हणे, "ओळखीचं आहे." सध्या ते फ्लॉरिडाला बहिणीकडे होते आणि पुढच्या आठवड्याशिवाय येणार नव्हते.

"तू वेडा आहेस," लाइल ओडेलला म्हणाला.

"का? शुक्रवारी घ्यायचं, शनिवारी आपलं शेवटचं यायचं, रविवारी परत ठेवायचं. इंजिनाला तेवढाच व्यायाम."

"दाजी, तसं बघितलं तर उद्या ते माझंच आहे," कॉय म्हणाला. "वारसाने."

"ते जिवंत आहेत, कॉय."

"म्हणूनच उद्या म्हटलं."

हे सगळं चुकीचं आहे हे लाइलला पूर्ण कळत होतं. पण चुकीच्या गोष्टीत तीन माणसं एकत्र आली की ती हळूहळू योजना वाटू लागते. नडीनला सांगायचं नाही असं ठरलं. हे ठरवताना लाइलचा आवाज सगळ्यात मोठा होता.

शुक्रवारी हॉइटच्या शेडमधून इंजिन निघालं आणि लाइलच्या अंगणातल्या मेपलच्या फांदीला साखळीने टांगलं गेलं. नडीन तेव्हा चर्चच्या कॉयरच्या गाण्याच्या तालमीला गेली होती, पण वस्तीच्या कमिटीच्या अध्यक्षा व्हर्ना सॅटरव्हाइट घरीच होत्या. त्या वहाणा फटफटवत आल्या आणि झाडाकडे बघत राहिल्या.

"लाइल, झाडाला काय टांगायला परवानगी आहे ते तुला माहीत आहे. नाताळचे दिवे, झेंडा आणि पाखरांच्या दाण्याचं घरटं."

"हे घरटंच आहे," ओडेल म्हणाला.

"ओडेल, मी आंधळी नाही. तेल गळतंय."

"तासाभराचा प्रश्न आहे, मिस व्हर्ना," लाइल हात जोडल्यासारखा म्हणाला.

"तासाभरासाठी वेगळा अर्ज असतो," त्या म्हणाल्या. तो अर्ज कमिटीच्या बैठकीत मिळे आणि बैठक महिनाअखेरीस होती. शेवटी असं ठरलं की इंजिनावर हिरवी चादर टाकावी, म्हणजे ते परिसराशी सुसंगत दिसेल. चादर टाकल्यावर ते झाडाला फाशी दिलेल्या माणसासारखं दिसू लागलं आणि रस्त्यावरच्या दोन मोटारी थांबल्या, पण व्हर्नाबाईंचं समाधान झालं.

आता इथे एक नियम सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ब्रशी फोर्कच्या पट्टीवर गरिबांच्या वर्गात, म्हणजे लाइलच्या वर्गात, जो जिंकेल त्याचं इंजिन इतर कुणाही पूर्ण फेऱ्या केलेल्या स्पर्धकाला विकत मागता येई. भाव नियमावलीने ठरवलेला, आणि तो असा की त्यात चांगलं इंजिन सोडाच, बरा फ्रिजही आला नसता. मागणी आली की जिंकणाऱ्याने तिथल्या तिथे इंजिन काढून द्यायचं. नाही म्हटलं, तर विजय रद्द आणि उरलेला मोसम घरी. हेतू उत्तम होता. जिंकल्यावर शेजाऱ्याला आपलं ताट उचलून न्यायची मुभा असेल, तर कुणी घरी पंचपक्वान्नं रांधत बसणार नाही. त्यामुळे सगळे भंगारातली इंजिनं घेऊन येत आणि श्रीमंत माणूस या वर्गात फिरकत नसे.

लाइलला हा नियम तोंडपाठ होता. तरी त्या आठवड्यात त्याला तो एकदाही आठवला नाही. कॉयला नाही, ओडेललाही नाही. हरण्याची सवय अंगात इतकी मुरली होती, की जिंकण्यातही धोका असतो हे तिघांच्या ध्यानातच आलं नाही.

शनिवारी ऊन उतरायच्या आत मैदान भरलं. उकडलेल्या शेंगांचा आणि तळलेल्या मांसाचा वास सुटला होता. पट्टीचे निरीक्षक व्हर्लिन फर्मन काखेत नियमावली घेऊन गाडीभोवती फिरले. त्यांनी गाडीची उंची मोजली, वजन केलं, पट्टा ओढून पाहिला आणि बॉनेट उचलून आत एक नजर टाकली.

"नवीन इंजिन?"

"जुनंच आहे," लाइल म्हणाला. हे खरं होतं.

फर्मननी दारावर मंजुरीचा कागद चिकटवला. पाद्री डॉबिन्सनी लाउडस्पीकरवरून सर्व ड्रायव्हरांसाठी प्रार्थना केली आणि रॉइस टिप्टनसाठी थोडी कमी केली, असं निदान लाइलला वाटलं. रॉइस सेप्टिक टँक उपसायचा धंदा करी आणि या वर्गात बहुतेक वेळा तोच जिंके. त्याचं इंजिन कुणी मागत नसे, कारण त्याचा टँकर केव्हा ना केव्हा सगळ्यांच्याच दारात यायचा होता.

पुढच्या रांगेत लिंगरफेल्टसाहेब काळ्या सुटात बसले होते. शेजारी मावशी हातपंखा फिरवत होत्या. पंख्यावर लिंगरफेल्टांचंच नाव होतं.

हिरवा झेंडा पडला आणि कॉयने पाय दाबला.

पहिल्यांदा लाइलला वाटलं, काहीतरी तुटलं. गाडीने अशी उसळी मारली की कॉयचं डोकं मागे आपटलं. मग ती वळणात शिरली आणि दुसऱ्या बाजूने दोन गाड्यांच्या पुढे निघाली. लाइल संघाच्या जागेत पाटी आणि खडू घेऊन उभा होता. रेडिओ परवडत नसल्यामुळे ड्रायव्हरला सूचना पाटीवर लिहून दाखवायची पद्धत होती, आणि आजवर त्याने 'जोरात', 'अजून जोरात' आणि 'आत ये, आग लागली आहे' एवढ्या तीनच सूचना लिहिल्या होत्या.

"हे काय चाललंय?" ओडेल म्हणाला. त्याच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या.

गाडी आणखी दोघांना मागे टाकून गेली. मग पुढे दोन गाड्या एकमेकींना घासून गवतात गेल्या आणि कॉय त्यांच्यामधून सुईत दोरा ओवावा तसा निघाला. आता त्याच्या पुढे फक्त रॉइस टिप्टन होता. लाइलच्या घशातून एक आवाज आला. तो ओरडला नव्हता, पण ओरडण्याच्या फार जवळ आला होता. इतक्या वर्षांच्या शनिवारांत आपली गाडी पुढे गेलेली त्याने फक्त झोपेत पाहिली होती. आणि वळणात ती आता सरकत नव्हती, ढळत नव्हती, जमिनीला चिकटून चालली होती, आणि ते इंजिनाचं काम नव्हतं. ते त्याचं होतं. दर आठवड्याला गाडीखाली आडवं पडून त्याने जे स्प्रिंग बदलले, जी चाकं केसाएवढी तिरकी केली, ते सगळं आज पहिल्यांदा कुणालातरी दिसत होतं.

तेवढ्यात रॉइसच्या संघातला एक जाडा माणूस शेजारी येऊन उभा राहिला. त्याने लाइलच्या गाडीकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं.

"छान आवाज आहे तुमच्या इंजिनाला," तो म्हणाला. "रॉइसला एक हवंच होतं."

आणि लाइलला नियम आठवला.

त्याची पाचावर धारण बसली. त्याने पाटीवर मोठ्ठं 'हळू' लिहिलं आणि कॉय समोरून जाताना डोक्यावर धरलं. कॉय तसाच गेला. लाइलने पुन्हा धरण्यासाठी पाटी वर करायला घेतली, तोच त्याचं लक्ष प्रेक्षकांकडे गेलं.

नडीन उभी होती. तिच्या शेजारी तपकिरी हॅट घातलेले मिस्टर हॉइट बसले होते.

ते फ्लॉरिडाहून लवकर परतले होते. बहीण दिवसभर टीव्ही मोठ्याने लावते, एवढं कारण त्यांना पुरलं होतं. नडीनने त्यांना बसस्टँडवरून घरी नेलं, त्यांनी शेडमध्ये जाऊन पिकअप चालू करून पाहिली, मग बॉनेट उघडलं, तर इंजिनाच्या जागी शेजाऱ्यांची मांजर झोपली होती. नडीनला फार विचार करावा लागला नाही. नवरा आणि भाऊ शनिवारी कुठे असतात हे तिला माहीत होतं.

हॉइट पट्टीकडे बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते.

लाइलने पाटी उचलली. ती छातीपर्यंत आली आणि तिथून वर जाईना. शेवटची फेरी होती. कॉय रॉइसच्या बाजूला आला होता आणि दोघे एकत्र वळणात शिरत होते. लाइलने बाहीने पाटी पुसून टाकली. त्याला जिंकायचं होतं, यापेक्षा त्याच्याजवळ दुसरं काही कारण नव्हतं.

कॉय गाडीच्या नाकाएवढ्या अंतराने जिंकला.

त्यानंतरचा थोडा वेळ लाइलला नीट आठवत नसे. कुणीतरी त्याला मिठी मारली, कुणीतरी गार चहा अंगावर सांडला. फोटोवाल्याने त्याच्या हातात विजेत्याचा कमरेएवढा कप देऊन हसायला सांगितलं आणि त्याने रडवेल्या चेहऱ्याने ते जमवलं. लिंगरफेल्टसाहेबांच्या मावशी खुर्चीवरून उभ्या राहिल्या होत्या.

"मी 'हळू' लिहिलेलं दिसलं नाही का तुला?" लाइलने दातांतल्या दातांत विचारलं.

"दिसलं की," कॉय म्हणाला. "मला वाटलं पाटी दुसऱ्या कुणाची आहे. आपल्याला हळू कशाला सांगेल कुणी?"

तेवढ्यात रॉइस टिप्टन आला. त्याने फर्मनसमोर पाकीट धरलं आणि म्हणाला, "मी इंजिन मागतोय."

गर्दीतून नडीन येताना दिसली. तिच्यामागे हॅट सावकाश येत होती. ताशी तीस मैलांची सवय पायांनाही लागली होती. लाइलने हातातल्या कपाकडे पाहिलं. इंजिन दिलं तर सासऱ्यांचं जीवापाड जपलेलं इंजिन सेप्टिक टँकवाल्याच्या गाडीत जाणार. नाकारलं तर मोसम बंद, संघ बंद. एकच वाट उरत होती, आणि ती आजवर कुणा विजेत्याने धरलेली नव्हती. इंजिन बेकायदा ठरलं तर ते विकता येत नसे. फक्त विजय जाई.

"मिस्टर फर्मन," लाइल म्हणाला, "माझं इंजिन नियमाबाहेरचं आहे."

"काय?"

"पिकअपचं इंजिन असं पळतं का कधी? आतून मोठं केलेलं असणार. उघडून मोजा. माझा विजय रद्द करा."

फर्मन ताठ झाले. "मी मघाशीच मंजुरी दिली आहे. माझ्या मंजुरीवर शंका घेतोयस?"

"तुमच्यावर नाही, माझ्यावर घेतोय."

फर्मननी अंगठा ओला करून नियमावली चाळली. "इंजिन उघडायचं तर दुसऱ्या क्रमांकाने तक्रार करावी लागते."

"मला काही तक्रार नाही," रॉइस म्हणाला.

"विजेत्याने स्वतःविरुद्ध तक्रार करायची तरतूद नाही," फर्मन म्हणाले. "फसवणूक करायची तर माणसाने ती लपवावी अशी अपेक्षा असते. लाइल, साखळी आण आणि इंजिन काढ."

"दाजी, गप्प बसला असतास तर निदान कप तरी अब्रूने घरी गेला असता," कॉय पुटपुटला.

"व्हर्लिन," मागून एक आवाज आला.

हॉइट पोचले होते. त्यांनी लाइलकडे पाहिलंही नाही. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ते क्षणभर उभे राहिले, गाय ओळखीची निघाल्यावर पाठीवर ठेवावा तसा.

"उघड आणि मोज," ते म्हणाले. "बरंच मोठं निघेल."

"मिस्टर हॉइट, तरतूद नाही."

"हे मी आणि तुझ्या बापाने मिळून केलंय. तुमच्याच धान्याच्या कोठारात. तुझा बाप माझ्या शेजारच्या सीटवर बसायचा आणि मागे दिवे दिसले की सांगायचा. आणखी काय काय सांगू, इथेच?"

फर्मननी नियमावलीचं शेवटचं पान उघडलं. तिथे 'निरीक्षकाला योग्य वाटेल तेव्हा' असं एक कलम होतं. त्यांना ते त्याच क्षणी योग्य वाटू लागलं.

इंजिनाचं वरचं झाकण काढलं, माप आत घातलं. फर्मननी पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. "अरे देवा," ते म्हणाले, आणि पाद्रीबुवा शेजारी असल्यामुळे तेवढ्यावरच थांबले.

पाद्री डॉबिन्स या गावात नवीन होते. ते खऱ्या कुतूहलाने म्हणाले, "ब्रदर हॉइट, एवढ्या मोठ्या इंजिनाची तुम्हाला काय गरज होती?"

गर्दीतल्या म्हाताऱ्या मंडळींना अचानक आपापल्या बुटांत काहीतरी दिसू लागलं. डोंगरात चोरून गाळलेली दारू पूर्वी कशी उतरायची आणि पोलिसांच्या मोटारी कशा मागे राहायच्या, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण गावाला चर्च होतं आणि चर्चला हॉइटसारखे पंच होते.

"सफरचंदं," हॉइट म्हणाले. "डोंगरातून सफरचंदं आणायचो मी. सफरचंद लवकर नासतं."

"त्या काळी सफरचंदं फार यायची," लिंगरफेल्टसाहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या वडिलांची शववाहिका रिकामी असताना इतक्या वेगाने का धावायची, हे विचारणारं कुणी आता उरलेलं नव्हतं.

"आमच्या दुकानाच्या मागच्या दारी उतरवायचे," गर्दीतून व्हर्ना सॅटरव्हाइट एकदम बोलून गेल्या, आणि मग, "पेट्या. पेट्यांत असायची," अशी पुस्ती त्यांनी जोडली.

"फार गोड असतील," पाद्रीबुवा म्हणाले.

"डोळ्यांत पाणी यायचं," हॉइट म्हणाले.

विजय रद्द झाला. लाइलने कप रॉइसच्या हातात दिला. देताना त्याचे हात थोडे जास्तच वेळ कपावर राहिले आणि रॉइसला तो दोनदा ओढावा लागला. लिंगरफेल्टसाहेबांनी येऊन सांगितलं की टायर सुरू राहतील, कारण मावशी एरवी कशासाठीही उभ्या राहत नाहीत. पण गाडीने ब्रीदवाक्याला धरून चालावं, अशी विनंतीही त्यांनी केली. नडीन घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी गेल्यावर तिने ही कसर भरून काढली.

त्या रात्री इंजिन पिकअपमध्ये परत बसेपर्यंत हॉइट शेडच्या दारात खुर्ची टाकून बसून होते. "तो बोल्ट अजून अर्धा फिरव," एवढंच मधूनमधून म्हणायचे. लाइल माफीची वाक्यं मनात जुळवत होता, पण प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मिस्टर हॉइट' आलं की पुढचं सुचेनासं व्हायचं.

रविवारी नडीन कॉयरसाठी पुढे गेली. लाइल सासऱ्यांच्या अंगणात नळावर नखांतलं काळं तेल काढत बसला होता. त्याचा कोट पिकअपच्या आरशाला टांगलेला होता. हॉइट बाहेर आले, हॅट नीट केली आणि म्हणाले, "बस."

लाइल बसला. पिकअप नेहमीच्या चालीने निघाली. मागे दोन मोटारी लागल्या, मग त्या वैतागून दुसऱ्या रस्त्याने गेल्या. नदीकाठचा सरळ रस्ता लागला. लाइल म्हणाला, "मिस्टर हॉइट, मला तुम्हाला सांगायचं होतं की..."

"काल मी डोळे मिटून ऐकत होतो," हॉइट म्हणाले. "इंजिन काय करतं ते मला माहीत आहे. ते मी ऐकत नव्हतो. वळणात टायर ओरडतात का, ते ऐकत होतो. नाही ओरडले."

लाइल नखांत उरलेलं तेल खरवडू लागला.

"इंजिन माझं होतं, पोरा. वळणं तुझी होती. माझ्या गाडीला अशी वळणं कधी जमली नाहीत, आणि मला त्यांची फार गरज असायची." मग ते म्हणाले, "हॅट धर माझी."

लाइलने हॅट धरली. हॉइटनी आरशात एकदा पाहिलं, समोर एकदा पाहिलं आणि पाय दाबला.

नदी, कुंपणं, गाई, सगळं एकमेकांत मिसळून मागे गेलं. लाइलची पाठ सीटला चिकटली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते वाऱ्याने की कशाने हे त्याने ठरवायचा प्रयत्न केला नाही. वयाची ऐंशी ओलांडलेला तो म्हातारा स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून ओठांतल्या ओठांत एक भजन गुणगुणत होता. चर्चचा मनोरा दिसू लागल्यावर त्याने पाय काढला, पिकअप पुन्हा तीसवर आली आणि हॉइटनी हॅट मागून घेतली.

"बाहेर कुठे बोलायचं नाही," ते म्हणाले.

"नाही, डॅडी," लाइल म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर तो दचकला, पण हॉइटनी काही दुरुस्ती सुचवली नाही.

चर्चमध्ये अजून कुणी नीट बसलंही नव्हतं. दारात नडीन कॉयरचा झगा चढवत होती. तिने नवऱ्याचे उभे राहिलेले केस पाहिले, वडिलांची सरळ हॅट पाहिली आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"डॅडींबरोबर आलास?"

"हो."

"आणि पहिल्या भजनाच्या आधी पोचलास?"

लाइल स्टेमीने दानाची थाळी उचलली, ती कोटाच्या बाहीने पुसली आणि देवाच्या दारात उभं राहून शांतपणे सांगितलं, "आज रस्त्याला गर्दी नव्हती."